एक रुमाल, सतरा नाकं

सकाळी सातच्या ठोक्याला विहारासमोर पोरांची रांग लागायची आणि केरबा गुरुजी खिशातून रुमाल काढायचे. रुमाल पांढराशुभ्र, इस्त्रीचा, चार घड्यांचा. आधी नखं बघायची, मग कान, मग नाक. नाक वाहत असलं तर गुरुजी ते स्वतः पुसायचे. "नाक साफ तर डोकं साफ," हे त्यांचं वाक्य छत्तीस वर्षांच्या नोकरीत देगलूर तालुक्यातल्या दोन पिढ्यांनी ऐकलं होतं. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे धरून बसतात. गुरुजींनी पोरांची नाकं धरली.

चौदा एप्रिल तोंडावर आली होती. पोरांची भाषणं बसवायची म्हणून विहारात रोज तासभर वर्ग भरायचा आणि त्याला गावातली सगळ्या घरची पोरं यायची. पटावर अठरा होती. त्यातली तनुजा रांग मोडल्यावरच उगवायची, त्यामुळं रांगेत सतरा. रांग उंचीनं लागे. सगळ्यात पुढं गुरुजींची नात लुंबिनी, तिच्यामागं शेजारच्या तारामतीबाईंचा नातू बालाजी, असं करत करत शेवटी वीटभट्टीवरची महादेवी.

या महादेवीसाठी गुरुजींनी भट्टीवर चार खेटे घातले होते. तिचा बाप वीरण्णा हंगामापुरता कर्नाटकातून आलेला. पोरगी नऊ वर्षांची, चार महिन्यांत मराठी उचललेली, आणि बापाचा हट्ट असा की ती भट्टीवरच राहील. चौथ्या खेपेला तो कसाबसा राजी झाला, पण अट घालून. "मागच्या सालाला दुसऱ्या गावात हिला शाळेतून उठवले. पोरगी चार दिवस जेवली न्हाई. आता कोन एकदा जरी 'ऊठ' म्हनला, तर परत पाठवनार न्हाई मी."

गुरुजींनी छातीवर हात ठेवला होता. "माझ्या वर्गात कोनी कोनाला ऊठ म्हनत न्हाई, वीरण्णा. माझा शब्द हाय."

मार्चच्या शेवटी लुंबिनीच्या नाकाखाली एक बारीक फोड आला. दुसऱ्या दिवशी तो फुटला, पाणी सुटलं आणि त्यावर पिवळी खपली धरली.

"अवो, लेकराच्या नाकाखाली काय झालंय बगा," पंचशीलाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"उष्णता हाय. ताक पाजव," गुरुजींनी पेपरातून डोकं वर न काढता निदान केलं.

ताक पाजलं. फोड एकाचे तीन झाले. पाच दिवसांत बालाजीच्या ओठाच्या कडेला तशीच खपली आली, मग त्याच्या मागच्या पोराला, मग त्याच्याही मागच्या. बालाजीच्या घरी तर दारावर कडुनिंबाचा डहाळा लागला. गुरुजी बघायला गेले, तर तारामतीबाईंनी त्यांना उंबऱ्यातच अडवलं.

"हात लावू नका गुरुजी! माता आलीय लेकराला."

"वहिनी, देवीचा रोग जगातून जाऊन पंचेचाळीस वर्सं झाली."

"जगातून गेली आसंल. आमच्याकडं कव्हाबी येती."

आता यापुढं शास्त्र काय बोलणार? तारामतीबाईंनी घरात फोडणी बंद केली, बालाजीची आंघोळ बंद केली, आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या येऊन त्याच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडू लागल्या. बालाजीला हे देवपण चांगलंच मानवलं. तो खाटेवर बसून मोबाईल मागायचा आणि मिळायचासुद्धा, कारण मातेला नाही कसं म्हणणार? हाल झाले ते त्याचे आजोबा किशनराव यांचे. बिनफोडणीचं वरण तीन दिवस गिळून चौथ्या दिवशी ते स्टँडवर भजी खाताना सापडले.

गुरुजींनी मात्र कंबर कसली. एका बाजूला अंधश्रद्धा, दुसऱ्या बाजूला ते आणि त्यांचा मोबाईल. मोबाईलवर त्यांना 'संसर्गजन्य' हा शब्द सापडला आणि त्यांचा चेहरा उजळला. एकाचं दुसऱ्याला होतं म्हणजे आधी कुणीतरी आणलं असणार. कुणी आणलं? गावातलं पाणी तेच, हवा तीच, माणसं तीच. नवीन काय आलं? आणि त्याच सकाळी रांगेच्या शेवटी, महादेवीच्या हनुवटीवर त्यांना दोन फोड दिसले.

भट्टीवरची माती, भट्टीवरचं पाणी, झोपड्यांतली दाटी. गुरुजींच्या डोक्यात सगळं धडाधड जुळलं. खोटं काय सांगायचं, इतकं चटकन जुळलं की त्यांना स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

पण शब्द दिला होता. त्यामुळं गुरुजी 'ऊठ' म्हणाले नाहीत. त्यांनी कपाटातून नवीकोरी पट्ट्यांची सतरंजी काढली, विहाराच्या दाराबाहेर ओट्यावर अंथरली आणि म्हणाले, "महादेवी, तू हितं बस. हितं हवा चांगली येती."

महादेवीनं एकदा सतरंजीकडं बघितलं, एकदा आतल्या पोरांकडं. मग ती बाहेर जाऊन बसली आणि दारातून फळ्याकडं बघत राहिली.

उरलेल्या पोरांच्या रक्षणासाठी गुरुजींनी स्वच्छता दुप्पट केली. आता वाहणारंच नव्हे, प्रत्येक नाक पुसायचं. नाकाबरोबर ओठ आणि हनुवटी. रांग मोडायच्या आधी एकदा नव्हे, दोनदा. चौथ्या दिवशी अकरा पोरांच्या तोंडावर खपल्या होत्या.

"वाढत कामून चाललंय हे?" जेवताना गुरुजी म्हणाले. "मी तर पोरीला येगळी बसवली."

पंचशीलाबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. "कोनत्या पोरीला?"

गुरुजींनी सांगितलं. सांगताना शास्त्रही सांगितलं. पंचशीलाबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. दर वर्षी चौदा एप्रिलला नवरा माईकवर काय सांगतो हे त्यांना तोंडपाठ होतं. पहिलीत मास्तरांनी त्याला वर्गाच्या दाराबाहेर पोत्यावर बसवलं आणि तो तिथूनच बाराखडी शिकला.

"पोत्यावर बसवली का तिला?"

"पोत्यावर कसी बसविन? नवी सतरंजी दिली हाय मी."

"तुमच्या मास्तरनं पोतं दिलं होतं, तुमी सतरंजी दिली. लई सुधारना झाली म्हनायची." आणि त्यांनी भाकरी तव्यावर टाकली.

गुरुजींचा घास हातातच राहिला. 'ते येगळं, हे येगळं' असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. वेगळं काय, हे मात्र त्यांना सांगता येईना. त्यांना लाज वाटली. तसं कुणाजवळ कबूल करायची सवय नव्हती, म्हणून त्यांनी हात धुतला, चप्पल घातली आणि थेट उपकेंद्र गाठलं.

उपकेंद्रातली रूपाली सिस्टर त्यांचीच विद्यार्थिनी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन विहारात आली. बालाजीला काल ताप भरला होता, म्हणून तारामतीबाई त्याला कडेवर घेऊन आल्या. माता असो नसो, ताप ताप असतो. मागं किशनराव आशेनं आले.

रूपालीनं एकेक पोर उजेडात उभं करून पाहिलं.

"मावशी, ही माता न्हाई. उष्णताबी न्हाई, गुरुजी. जंतूंचं हाय हे. आधी बारीक फोड येतो, नाकाच्या न्हाईतर तोंडाच्या कडंला. तो फुटतो, पानी येतं, अन् त्याची अशी पिवळी खपली धरती, काकवी वाळल्यावानी. खाजवलं की नखातून दुसरीकडं जातं. लेकरू लेकराला देतं. कव्हा सुरू झालं?"

"ते शोधून काढलंय मी," गुरुजी घसा खाकरून म्हणाले, पण आधीइतक्या तोऱ्यात नाही. "स्वच्छतेत काही कमी न्हाई बरं का. मी रोज जातीनं बघतो."

"कसं बघता? दाखवा की. रोज करता तसंच करा."

दाखवा म्हटल्यावर गुरुजी खुलले. रांग लागली. रुमाल निघाला. नखं, कान, नाक, ओठ, हनुवटी. लुंबिनी झाली, तारामतीबाईंच्या कडेवरचा बालाजी झाला, तिसरं पोर झालं, चौथ्याच्या नाकाला रुमाल लागणार तोच रूपाली ओरडली, "थांबा गुरुजी!"

"कामून? अजून तेरा हायत."

"तेच तर!" तिनं कपाळाला हात लावला.

तेवढ्यात तनुजा आली. नेहमीप्रमाणं उशिरा, फ्रॉकची बाही नाकाला घासत. अख्ख्या वर्गात इतकं वाहतं नाक दुसरं नव्हतं आणि तिच्या तोंडावर फोडाचं नावही नव्हतं. रूपालीनं तिचा चेहरा गुरुजींकडं वळवला.

"ही रांगेत नसती ना?"

"न्हाई. लई आळसी हाय."

"म्हनून वाचली."

"अगं पर रुमाल मी रोज धुतो!" गुरुजींचा आवाज चढला. "सोता धुतो. साबन लावून."

"संध्याकाळी धुता गुरुजी. सकाळी एक रुमाल अन् सतरा नाकं. पयल्या नाकाचं दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला. पयला फोड कोनाला आला?"

पंचशीलाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी नुसतं लुंबिनीकडं बघितलं.

"अन् ती?" गुरुजींनी कसंबसं विचारलं आणि ओट्यावरच्या सतरंजीकडं बोट केलं. महादेवी तिथं बसून सगळं ऐकत होती.

"ती रांगेत शेवटी, म्हनून तिला शेवटी झालं. तिनं न्हाई आनलं, गुरुजी. तिला तुमी दिलं."

विहारात सतरा पोरं आणि पाच मोठी माणसं असून नाक ओढल्याचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता झाली. तो आवाज तनुजानं केलाच.

मग रूपालीनं भराभर काम हातात घेतलं. देगलूरच्या डॉक्टरांना फोन लावला, फोटो पाठवले. ज्यांना एक-दोन फोड होते त्यांना मलम, जास्त होते त्यांना तोंडानं घ्यायचं औषध, आणि ताप असलेल्या बालाजीला आजच दवाखान्यात. "कोमट पान्यानं खपली भिजवायची, हळू पुसून काढायची, मग मलम. दिवसातून तीनदा. मलम लावल्यावर हात धुवायचे. नखं कापा. टॉवेल, रुमाल, उशी जेची त्याला. औषिद सुरू केल्यावर दोन दिवस सगळ्यांनी घरी ऱ्हायचं, मग या वर्गात. बरं वाटलं म्हनून गोळ्या मधीच सोडू नका. अन् तोंड सुजलं, न्हाईतर लघवी काळ्या चहावानी झाली, तर थांबू नका, मला बलवा."

"आंघोळ?" तारामतीबाईंनी जरा पडेल आवाजात विचारलं.

"रोज घाला. न घातल्यानंच ह्याचं वाढलं, मावशी."

"अन् फोडनी?" किशनरावांना आता राहवेना. "फोडनी चालंल का, सिस्टर?"

"चालंल की! रोज दोनदा घाला."

उरलेला दिवस गुरुजी घरोघर हिंडले. प्रत्येक दारात हात जोडून ते सांगायचे की आजार माझ्या रुमालानं पसरला, आणि लगोलग विचारायचे, "लघवीचा रंग कसा हाय?" एवढा मोठा माणूस दारात येऊन हे विचारतो म्हटल्यावर बायका आधी घाबरायच्या आणि मग तोंडाला पदर लावायच्या. रागावलं मात्र कुणी नाही. एकजण तर म्हणाली, "जाऊ द्या वो गुरुजी. आमच्या लेकराची नाकं पुसायला आमाला तरी कुठं टाईम हाय? तुमी पुसली, हेच लई झालं." गुरुजींना शिव्या बऱ्या वाटल्या असत्या.

सोळा घरं झाली. भट्टी राहिली. उन्हं उतरल्यावर ते मलमाची ट्यूब घेऊन निघाले. खरं सांगावं तर वीरण्णा पोरीला उद्यापासून विटा पलटायला लावणार, तिची शाळा कायमची संपणार. न सांगावं, तर जन्मभर पोरांना काय शिकवलं? आणि वीरण्णाला सांगायचं म्हटलं, तर भाषेची पंचाईत. देगलूरच्या बाजारात मिरच्या घेण्यापुरती कन्नड गुरुजींना येत होती, माफी मागण्यापुरती येत नव्हती. वीरण्णाची मराठीही भट्टीपुरतीच; तोडकंमोडकं बोलायचा, पण समोरचा भरभर बोलला की त्याला कळायचं नाही.

वीरण्णा झोपडीपुढं हातपाय धूत होता. महादेवी धाकट्या भावाला घेऊन बसलेली. गुरुजींना बघून बाप लगबगीनं उठला, त्यांना बसायला खाट दिली.

"महादेवी, मी बोलतो ते तुज्या बापाला कन्नडमदी सांग," गुरुजी उभ्यानंच म्हणाले. "सगळं सांग. काही सोडू नको."

तिनं मान हलवली.

गुरुजींनी हात जोडले. "वीरण्णा, मी शब्द मोडला. पोरीला ऊठ म्हनलो न्हाई, पर दाराबाहेर बसवलं. आजार हिनं आनला म्हनलो. खरं तर माझ्याच रुमालानं हिला झाला. मी लहान आसताना मला आसंच बसवलं होतं, अन् तरी मी हे केलं. माझं चुकलं. तुमी म्हनाल ते कबूल हाय."

महादेवीनं सगळं शांतपणे ऐकलं, क्षणभर विचार केला आणि बापाला एक वाक्य सांगितलं. एकच. गुरुजींना त्यातले 'गुरुजी', 'दवाखाना' आणि 'चापे' एवढेच शब्द कळले. चापे म्हणजे चटई, हे बाजारात जाणाऱ्याला कळतंच.

वीरण्णाचा चेहरा फुलला. त्यानं वाकून गुरुजींच्या पायाला हात लावला आणि बायकोला आत हाक मारून चहा टाकायला सांगितलं.

"लय मेहरबानी, गुरुजी. सगळ्या पोरांत हिला एकटीलाच येगळी नवी चापे दिले तुमी. हिनं त्याच दिवशी येऊन सांगितली मला. भट्टीवर सगळ्यास्नी सांगितलो मी, माझ्या पोरीला गुरुजी मान देतो म्हनून. आनि आता औषीद घिऊन सोता आले!"

गुरुजींनी तोंड उघडलं. महादेवी बापाच्या पाठीमागून त्यांच्याकडं बघत होती. ती कन्नड घरातली पोरगी होती, पण तिच्या डोळ्यांत 'गप बसा' हे शुद्ध मराठीत होतं.

छत्तीस वर्षं पोरांना गप बसवणारे केरबा गुरुजी गप बसले. चहा आला. तो त्यांनी संपवला, मलम कसं लावायचं ते हातवारे करून सांगितलं, आणि उठले. महादेवी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला आली.

"तू बापाला खोटं कामून सांगितलं गं?"

"खरं सांगितली आसती तर बाप पाठवला नसता," ती म्हणाली. "मला भाषन करायचं हाय."

"दोन दिवस मलम लाव, मग ये," गुरुजी म्हणाले. " आता मधी बसायचं. ती सतरंजी मी काडून टाकतो."

"काडू नका!" ती थांबलीच. "बाप इचारंल, मान कामून काडून घेतले? काय चूक केलीस? म्हनंल."

हे गुरुजींच्या ध्यानातच आलं नव्हतं. "मग काय करू? तूच सांग."

"मला मॉनिटर करा."

"मॉनिटर लुंबिनी हाय."

महादेवी नुसती बघत राहिली.

"बरं. तू मॉनिटर," गुरुजी म्हणाले. नातीला घरी काय सांगायचं हा विचार त्यांनी पुढं ढकलला. दहा पावलं गेल्यावर ते पुन्हा थांबले. "महादेवी, 'माझं चुकलं' हे कन्नडमदी कसं म्हनतात?"

तिनं संशयानं मागं झोपडीकडं पाहिलं. "बापाला सांगनार?"

"न्हाई."

"मग कोनाला?"

गुरुजी रस्त्यातच खाली बसले. गुडघे कुरकुरले, धोतर मातीत गेलं. आता त्यांचं तोंड तिच्या तोंडासमोर आलं, हनुवटीवरच्या दोन पिवळ्या खपल्यांसमोर.

"तुला," ते म्हणाले.

पोरगी गोंधळली. तिला कुणी मोठ्या माणसानं असं काही आजवर म्हटलं नव्हतं. ती फ्रॉकची कड बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "नंदु तप्पायतु."

"नंदू तपायतु."

"न्हाई तसं," महादेवी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मास्तरसारखा झाला. "अर्धवट म्हनायचं न्हाई. परत म्हना."

गुरुजी परत म्हणाले.